मुतखड्याची कळ उठल्यावर कुठलं पेनकिलर? औषधं तोलायची कशी

मुतखड्याच्या कळेने माणूस गडाबडा लोळत असतो तेव्हा घरचे डॉक्टरला एकच सांगतात, "सगळ्यात स्ट्राँग असेल ते द्या." आणि स्ट्राँग म्हणजे वर मॉर्फिन, त्याखाली ट्रॅमाडॉल, त्याखाली डायक्लोफेनॅक आणि अगदी तळाला बिचारं पॅरासिटामॉल, अशी एक उतरंड सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसलेली असते. हाड मोडलं, ऑपरेशन झालं अशा दुखण्यात ही उतरंड बऱ्यापैकी चालते. मुतखड्यात ती चालत नाही, म्हणून इथे औषधं तोलायची तर 'किती स्ट्राँग' हा प्रश्न शेवटी ठेवा. त्याआधी बघायचं ते हे की औषध नेमकं कुठे काम करतं, पोचायला किती वेळ घेतं आणि समोरच्या पेशंटला ते चालतं का. बऱ्याचदा 'पेशंटला चालतं का' यावरच निकाल लागतो.

खाली जे डोस येतील ते मोठ्या माणसांचे आहेत आणि तुलना समजावी म्हणून दिलेत, इंजेक्शनं अर्थातच डॉक्टरनेच द्यायची. लहान मुलांचं गणित वेगळं, ते इथे नाही.

तुलना करत बसायचं नाही असे प्रसंग

कळेबरोबर ताप आहे किंवा थंडी वाजतेय, लघवी जवळपास बंद झालीय, किडनी एकच आहे, पेशंट गरोदर आहे, किंवा उलट्यांमुळे पाण्याचा घोटसुद्धा टिकत नाहीये, यातलं काहीही असेल तर गोळ्या चाळू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. खड्यामागे तुंबलेल्या लघवीत इन्फेक्शन झालं तर ते रक्तात पसरायला फार वेळ लागत नाही, आणि यातला फसवा भाग असा की पेनकिलरने दुखणं दबतं, तापही उतरतो, सगळ्यांना वाटतं बरं वाटतंय, आणि आत बिघडत जातं. तिथे लघवीच्या नळीत स्टेंट (बारीक पोकळ नळी) घालून किंवा पाठीतून किडनीत नळी टाकून लघवीला वाट करून द्यावी लागते, गोळीचं ते काम नाही.

आणि वय साठीच्या पुढे आहे, आयुष्यात पहिल्यांदाच अशी कळ आलीय, तर 'मुतखडाच असणार' असं धरून चालू नका. पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगून फुटायला आली तरी कमरेत असंच दुखतं. पाळी चुकलेल्या बाईचं एका बाजूचं ओटीपोट दुखतंय किंवा तरुण मुलाच्या अंडकोषात अचानक कळ आलीय, तिथेही आधी तपासणी, मग बाकीचं.

दुखतं कशामुळे, यावर औषध ठरतं

किडनीतून मूत्राशयात लघवी नेणारी बारीक नळी असते, युरेटर, तिच्यात खडा अडकतो. किडनी काही लघवी बनवायची थांबत नाही, त्यामुळे खड्याच्या वरती लघवी तुंबते, आतला दाब वाढतो, किडनीचं आवरण ताणलं जातं. त्याच वेळी तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. ती किडनीकडे येणाऱ्या रक्तवाहिन्या रुंद करतात, म्हणजे रक्त जास्त येतं, लघवी आणखी बनते, दाब आणखी चढतो. वर नळीला सूज येते आणि तिचे स्नायू आवळतात ते वेगळंच. कळ लाटांसारखी चढते-उतरते, कमरेतून जांघेकडे जाते, सोबत मळमळ असते, ते सगळं या दाबाचंच नाटक.

आता डायक्लोफेनॅक, केटोरोलॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, इंडोमेथासिन ही जी औषधं आहेत, ज्यांना डॉक्टर एनसेड म्हणतात, ती प्रोस्टाग्लँडिन बनणंच अडवतात. म्हणजे दाब कमी, सूज कमी, नळीचं आवळणं कमी. मॉर्फिन यातलं काही करत नाही. ते मेंदूपर्यंत जाणारा दुखण्याचा निरोप दाबतं, खाली किडनी तशीच फुगलेली राहते. त्यामुळे एरवी 'मध्यम' समजलं जाणारं डायक्लोफेनॅक इथे पहिल्या नंबरला येतं.

हे नुसतं तर्काने नाही. २०१६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात कतारमधल्या दोहा इथल्या इमर्जन्सी विभागातला एक मोठा अभ्यास छापून आला होता, १,६४५ पेशंट, कळ घेऊन आलेले. तीन गट केले: एकाला डायक्लोफेनॅक ७५ मिलिग्रॅम स्नायूत, दुसऱ्याला पॅरासिटामॉल १ ग्रॅम शिरेतून, तिसऱ्याला मॉर्फिन वजनाप्रमाणे शिरेतून. अर्ध्या तासात दुखणं निम्म्यावर आलं असे पेशंट डायक्लोफेनॅकमध्ये ६८ टक्के, पॅरासिटामॉलमध्ये ६६ टक्के आणि मॉर्फिनमध्ये ६१ टक्के. साइड इफेक्ट मॉर्फिनमध्ये जास्त.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. एक तर उतरंड कोसळली. पण दुसरं, जे लोक सोडून देतात ते असं की तिन्ही गटांत साधारण एक तृतीयांश लोकांना अर्ध्या तासात निम्मासुद्धा आराम पडला नव्हता. म्हणजे पहिलं इंजेक्शन लागू पडलं नाही तर औषध नकली नाही, डॉक्टर अडाणी नाही, दुसरं औषध जोडावं लागणं ही या दुखण्यात अगदी रोजची गोष्ट आहे.

गोळी, इंजेक्शन की सपोझिटरी

औषध कुठलं यावर लोक तासभर वाद घालतील पण कुठल्या वाटेने द्यायचं याकडे लक्ष नसतं, आणि कळेत तेच जास्त महत्त्वाचं ठरतं. पोटातून गोळी शोषली जायला अर्धा ते एक तास जातो, आणि कळ जोरात असताना पोटाचं काम मंदावलेलं असतं, त्यात उलटी झाली तर गोळी गेली बाहेर. मग माणूस दुसरी घेतो, तीही अर्धी राहते अर्धी जाते, आणि नेमका किती डोस पोटात गेला हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून उलटी होत असेल तर गोळीचा हट्ट सोडा. घरच्या घरी त्याला चांगला पर्याय म्हणजे गुदद्वारातून ठेवायची सपोझिटरी, डायक्लोफेनॅक आणि इंडोमेथासिन दोन्ही त्या रूपात येतात. लोक लाजतात. ज्याला वारंवार खडे होतात त्याने डॉक्टरशी बोलून ही चिठ्ठीत लिहून घेतलेली बरी, कारण रात्री हॉस्पिटल गाठेपर्यंतचा वेळ तेवढ्यावर निभावता येतो.

शिरेतून दिलेलं सगळ्यात लवकर लागू पडतं, काही मिनिटांत फरक सुरू होतो. स्नायूतलं त्याहून थोडं मागे. पण स्नायूतल्या इंजेक्शनला एक सोय आहे, शिर शोधत बसावं लागत नाही.

एनसेडमध्ये आपसात काय फरक

खरं सांगायचं तर आराम देण्यात यांच्यात फार मोठा फरक नाही. फरक आहे तो कुणाला कुठलं चालतं याच्यात.

डायक्लोफेनॅक सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं, स्नायूत ७५ मिलिग्रॅम, सगळ्या वाटा मिळून दिवसाला १५० च्या वर जायचं नाही. हार्टवाल्यांसाठी मात्र हे वाईट. २०१३ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने स्पष्ट सांगितलं की हार्ट अटॅक, अँजायना, हार्ट फेल्युअर, स्ट्रोक झालेल्यांना डायक्लोफेनॅक देऊ नये. हे घरच्यांनी पाठ करून ठेवा, कारण गर्दीच्या कॅज्युअल्टीत लोळणारा पेशंट 'मला दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट टाकलाय' हे सांगेलच असं नाही.

केटोरोलॅक शिरेतून देता येतं म्हणून इमर्जन्सीत लाडकं. याबाबत एक मजेदार गोष्ट आहे, डोस वाढवला म्हणून आराम वाढत नाही. इमर्जन्सीत वेगवेगळ्या दुखण्यांच्या पेशंटना १०, १५ आणि ३० मिलिग्रॅम देऊन बघितलं तेव्हा आराम जवळजवळ सारखाच निघाला. तेव्हा 'अजून थोडं द्या' म्हणून काही मिळत नाही, रक्तस्राव आणि किडनीवरचा ताण तेवढा वाढतो. सलग पाच दिवसांच्या वर केटोरोलॅक घ्यायचंच नाही, गोळी आणि इंजेक्शन मिळून पाच दिवस.

आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम हे घरात बहुतेक असतंच, हलक्या कळेला किंवा जोराची कळ ओसरल्यावर पुढचे दिवस काढायला ठीक. नॅप्रोक्सेन सावकाश सुरू होतं आणि जास्त वेळ टिकतं, म्हणून ऐन कळेला नाही, नंतरच्या दिवसांना. सेलेकॉक्सिब, एटोरिकॉक्सिब ही पोटाला जरा सौम्य, पण 'पोटाला सौम्य म्हणजे किडनीलाही सौम्य' असं जे लोक समजतात ते चूक, किडनीवर त्यांचा परिणाम बाकीच्यांसारखाच.

यातली दोन एकत्र कधीही नाही. सकाळी डायक्लोफेनॅकची गोळी, दुपारी आयबुप्रोफेन, संध्याकाळी कॅज्युअल्टीत केटोरोलॅक, असं होतं आणि खूप वेळा होतं, कारण नावं वेगवेगळी म्हणून लोकांना वाटतं औषधं वेगवेगळी. आराम वाढत नाही, अल्सर आणि किडनीचा धोका मात्र वाढतो. शेवटची गोळी कुठली आणि किती वाजता, हे कागदावर लिहून सोबत न्या, किंवा रिकामी स्ट्रिपच न्या.

एनसेड कुणाला नको, हे जरा सावकाश वाचा: क्रिएटिनिन (रक्ताच्या तपासणीतला किडनीचं काम दाखवणारा आकडा) आधीच वाढलेलं आहे, अल्सर किंवा पोटातून रक्त गेल्याचा इतिहास, ब्लड थिनर (रक्त पातळ करणारी गोळी) चालू, हार्ट फेल्युअर, ॲस्पिरिनने दमा उसळतो असे लोक, गरोदरपण (अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, २०२० मध्ये वीस आठवड्यांनंतर टाळा असं सांगितलंय, आणि तीस आठवड्यांनंतर तर बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी वेळेआधी बंद व्हायची भीती असते). आणखी एक जोडी लोकांच्या लक्षात येत नाही. बीपीच्या काही गोळ्या असतात, एनालाप्रिल, रामिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन वगैरे, त्यासोबत लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि वरून एनसेड पडलं, तर तिन्ही मिळून किडनी अचानक बसू शकते, त्यात उलट्यांनी अंगातलं पाणी आटलेलं असेल तर अजूनच.

तरुण, बाकी तब्येत ठणठणीत, किडनी नॉर्मल, अशा माणसाला एक-दोन डोसांनी सहसा काही होत नाही. 'पेनकिलरने किडनी खराब होते' हे ऐकून कळेत तडफडत बसणारेही असतात, त्यांच्यासाठी हे सांगतोय.

पॅरासिटामॉलला कमी लेखू नका, पण शिरेतलं

वरच्या अभ्यासात ते डायक्लोफेनॅकच्या खांद्याला खांदा लावून होतं ते शिरेतून दिलेलं पॅरासिटामॉल. तापाला घेतो ती ५०० ची गोळी ऐन कळेत घेऊन 'पॅरासिटामॉलने काही होत नाही' म्हणणं हा त्या औषधावर अन्याय आहे. १ ग्रॅम, पंधरा मिनिटांत सलाईनसारखं सोडतात. किडनी कमजोर, पोटात अल्सर, गरोदर, ब्लड थिनरवाले, या सगळ्यांसाठी पहिला विचार याचाच. ब्रिटनच्या नाईस संस्थेच्या २०१९ च्या गाइडलाइनमध्ये क्रम असाच आहे, आधी एनसेड, ते चालत नसेल किंवा पुरत नसेल तर शिरेतून पॅरासिटामॉल, आणि ही दोन्ही चालत नसतील किंवा पुरली नाहीत तर मॉर्फिनच्या जातीची औषधं.

एनसेड आणि पॅरासिटामॉल एकत्र चालतात, कारण दोघांची काम करायची रीत वेगळी. फक्त दिवसभराचं पॅरासिटामॉल ४ ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका, वजन पन्नास किलोच्या खाली असेल, लिव्हरचा त्रास असेल किंवा दारू जास्त असेल तर त्याहून कमी. आणि ते लपून बसतं, सर्दीच्या गोळीत असतं, ट्रॅमाडॉलसोबतच्या गोळीत असतं, डायक्लोफेनॅकसोबतच्या गोळीतही असतं. स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचा.

मॉर्फिन, ट्रॅमाडॉल वगैरे

यांची जागा आहे, पण दुसऱ्या फेरीत. एनसेड आणि पॅरासिटामॉल देऊनही अर्ध्या-पाऊण तासाने माणूस तसाच लोळतोय, किंवा ती दोन्ही चालतच नाहीत, तर मॉर्फिन शिरेतून थोडं थोडं, श्वासावर लक्ष ठेवून. मळमळ मुळातच असते, मॉर्फिनने ती वाढते, म्हणून ऑन्डान्सेट्रॉन किंवा मेटोक्लोप्रामाइडसारखं उलटीचं औषध सोबत देतात. मॉर्फिनच्याच जातीचं पेथिडिन पूर्वी फार चालायचं, आता ते टाळावं असाच सल्ला असतो, उलट्या जास्त आणि आराम काही जास्त नाही.

ट्रॅमाडॉलबद्दल माझं मत जरा कडवट आहे. लोकांना वाटतं हा मधला, सुरक्षित रस्ता. प्रत्यक्षात उलटी-चक्कर भरपूर, फिट येणाऱ्यांना नको, डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्यांशी त्याचं जमत नाही, आणि मुतखड्याच्या कळेत एनसेडपुढे ते काही उजवं ठरत नाही. यातलं काहीही घेतलं असेल तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही, दारू नाही, झोपेची गोळी नाही.

काही ठिकाणी शिरेतून लिडोकेन किंवा कमी डोसमध्ये केटामीन, ही एरवी भुलीला वापरतात ती औषधं, देतात. ते मॉनिटर लावून करायचं काम, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असलेल्याला लिडोकेन नको. मेटामिझोल हे अजून एक पेनकिलर, जर्मनी-स्पेनमध्ये सर्रास वापरतात, अमेरिका आणि ब्रिटनमध्ये परवानगीच नाही, कारण क्वचित पांढऱ्या पेशी एकदम घटतात. आराम ते चांगला देतं. एवढं माहीत असलं तरी पुरे.

कळ मोडायची गोळी म्हणून जी दिली जाते ती

हायोसिन, डायसायक्लोमिन, ड्रोटाव्हेरिन. पोटात मुरडा आला की जी घेतो तीच. नळी आवळते म्हणून दुखतं, मग नळी सैल करणारं औषध द्या, ऐकायला किती सरळ वाटतं. पण मुख्य दुखणं दाबाचं आणि प्रोस्टाग्लँडिनचं आहे, त्यामुळे एनसेड दिलेलं असताना वरून हायोसिन जोडून विशेष फरक दिसत नाही, आणि नाईसने तर कळेसाठी ही औषधं देऊच नका असं सरळ लिहिलंय. मी तरी यांच्या भरवशावर एनसेडला उशीर करणार नाही. हायोसिन, डायसायक्लोमिनने तोंड सुकतं, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते, काचबिंदूवाल्यांनाही जपून.

टॅम्सुलोसिन आणि सिलोडोसिन ही पेनकिलर नाहीतच, हे नीट समजून घ्या. ती खडा उतरायला मदत व्हावी म्हणून देतात, तीही युरेटरच्या खालच्या भागात अडकलेल्या, पाच मिलिमीटरहून मोठ्या खड्याला. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या हजारावर पेशंटच्या अभ्यासात टॅम्सुलोसिन आणि नुसती साखरेची गोळी यांच्यात फरक निघाला नव्हता, पण नंतर सगळे अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर मोठ्या खड्यांना थोडा फायदा दिसला. आजची कळ आज थांबवायला याचा उपयोग नाही. उभं राहताना चक्कर येऊ शकते, वीर्य बाहेर न येता मागे जाऊ शकतं, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर डोळ्याच्या डॉक्टरला ही गोळी चालू असल्याचं आवर्जून सांगा.

पाण्याचं एक राहिलंच. कळ चालू असताना लोटेच्या लोटे पाणी पाजतात, सलाईनवर सलाईन लावतात, खडा 'धुऊन' निघेल म्हणून. तसं होत नाही, वरून दाब वाढायची शक्यता. तहानेपुरतं प्या, उलट्यांनी कोरडं पडला असाल तर सलाईन हवंच. भरपूर पाणी हे नंतरचं, पुन्हा खडा होऊ नये म्हणून. कमरेला गरम शेक मात्र द्या, बरं वाटतं आणि कुठल्याच औषधाच्या आड येत नाही.

लागू पडतंय का हे कसं ओळखायचं

औषध दिलं ती वेळ लिहा आणि दुखण्याला दहापैकी आकडा द्या. अर्ध्या तासाने परत विचारा. नऊचं चार झालं तर थांबा, तासाने पुन्हा बघा. नऊचं आठच राहिलं तर तेच औषध पुन्हा मागू नका, वेगळ्या जातीचं जोडायला सांगा. सगळं देऊनही कळ हटत नसेल किंवा पुन्हा पुन्हा येत असेल तर प्रश्न पेनकिलरचा राहिलेला नाही, युरॉलॉजिस्टने (मूत्रविकारांच्या डॉक्टरने) स्टेंट किंवा दुर्बिणीतून खडा काढण्याचा विचार करायचा. आणि दुखणं अचानक पूर्ण थांबलं म्हणजे खडा पडला असंही नाही, तो तिथेच असू शकतो आणि किडनी गुपचूप फुगत राहू शकते, म्हणून ठरलेली सोनोग्राफी चुकवू नका.

घरी पाठवल्यावर पुढचे काही दिवस कळ परत यायची भीती असते. तेव्हा दुखेल तेव्हा गोळी घेण्यापेक्षा डॉक्टरने सांगितलेलं एनसेड आठवडाभर वेळेवर घेतलं तर कळ परत येण्याचं प्रमाण कमी होतं, डायक्लोफेनॅक ५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा असं देऊन हे तपासलेलं आहे. खडा त्याने लवकर पडत नाही, तेवढे दिवस सुसह्य जातात. पाच मिलिमीटरच्या आतले साधारण तीनातले दोन खडे आपोआप पडतात, चार ते सहा आठवडे वाट बघतात. बाहेरून शॉक देऊन खडा फोडायचं ठरलं तर मात्र एनसेड आधी बंद करावं लागतं, रक्तस्रावामुळे, किती दिवस आधी ते तिथल्या डॉक्टरला विचारा.

या काळात लघवी गाळणीतून गाळा. खडा सापडला तर कोरड्या डबीत ठेवून तपासायला द्या. कॅल्शियमचा निघाला तर पुढची सोय वेगळी, युरिक ॲसिडचा निघाला तर लघवीतलं ॲसिड कमी करणाऱ्या औषधाने किडनीत उरलेले तसले खडे विरघळवताही येतात.